तापमान किती यापेक्षा ते कसे चढते ते पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लिक्विड कूलिंग बसवलेल्या, म्हणजे पंपाने फिरणारे द्रव प्रोसेसरची उष्णता पंखे लावलेल्या जाळीपर्यंत (रेडिएटर) नेते अशा संगणकाचा प्रोसेसर तापू लागला की बहुतेकांना दोनच सल्ले मिळतात: थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला, नाहीतर कूलरच बदला. कधीकधी ते बरोबरही ठरतात, पण दोष नेमका कुठे आहे हे न पाहता चांगला कूलर काढून टाकणे ही उधळपट्टी आहे. हे निदान घरच्या घरी करता येते. ते वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

आधी तापमान खरोखर जास्त आहे का ते ठरवावे. एएमडी कंपनीच्या रायझन 7000 मालिकेतले वरच्या श्रेणीचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली 95 अंशांपर्यंत जातील अशाच बेताने बनवलेले आहेत. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा 100 अंश आहे. तेव्हा जड कामात 85 अंश दिसले म्हणून घाबरायचे कारण नाही. मात्र संगणक नुसता चालू असताना 60–70 अंश दिसत असतील, किंवा मर्यादा गाठून प्रोसेसरचा वेग घसरत असेल, तर दोष शोधलाच पाहिजे. टास्क मॅनेजरमध्ये एखादा प्रोग्रॅम गुपचूप प्रोसेसर वापरत नाही ना, हेही आधी पाहून घ्यावे.

मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंचसारखी चाचणी सलग वीस मिनिटे चालवावी आणि तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये त्याचा आलेख उघडा ठेवावा. वीस मिनिटे अशासाठी की आतले द्रव स्थिर तापमानाला यायला तेवढा वेळ लागतो; दोन मिनिटांच्या चाचणीत रेडिएटरचा दोष दिसतच नाही.

भार पडताच तापमान वीस-तीस अंशांनी उडी मारते, ते निरोगी यंत्रातही होते. पण ते काही सेकंदांत थेट मर्यादेला भिडले, द्रव व रेडिएटर गारच राहिले आणि चाचणी थांबवताच आकडा तितक्याच झटक्यात खाली आला, तर प्रोसेसर आणि कूलरची तांब्याची प्लेट यांचा नीट संपर्क होत नाही. अशा वेळी कूलर उतरवावा. प्लेटवरची प्लास्टिकची पातळ फिल्म काढायचीच राहून गेलेली असते, हे वाटते त्यापेक्षा खूप जास्त वेळा आढळते. जुनी पेस्ट 90 टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, प्रत्येकी दोन-दोन आटे देत आवळावेत. एक कोपरा आधी पूर्ण आवळला की प्लेट तिरकी बसते. जुना कूलर नव्या मदरबोर्डावर चढवला असेल तर कूलर धरणारे ब्रॅकेट तपासावे: इंटेलच्या एलजीए 1200 सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा) भोवतीच्या छिद्रांमधले अंतर 75 मिलिमीटर, एलजीए 1700 चे 78, आणि प्रोसेसरची उंचीही कमी. जुने ब्रॅकेट वापरले तर कूलर बसल्यासारखा वाटतो, पण दाब येत नाही. एएमडीच्या एएम4 सॉकेटवर कूलर सरळ वर ओढू नये. आधी यंत्र थोडे गरम करावे, मग बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवावा. नाहीतर चिकटलेल्या पेस्टसह प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

काहीच काम नसतानाही तापमान वर सरकत राहते, एक नळी गरम तर दुसरी थंड, रेडिएटर गार, आणि यंत्र मोकळे सोडूनही आकडा सावकाश उतरतो? मग द्रव फिरत नाही. पंपाची वायर कुठे लावली आहे ते पाहावे. केसच्या पंख्यांच्या हेडरवर (बोर्डावरची वायर जोडायची पिनांची जागा) ती असेल तर बोर्ड पंपालाही पंखा समजून त्याचा वेग कमी करतो. पंपासाठीच्या हेडरवर लावून बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग्ज) वेग पूर्ण ठेवावा. पॉवर सप्लायच्या साटा वायरवर चालणाऱ्या पंपाची ती जोडणी घट्ट आहे ना तेही बघावे. वेगाचा आकडा दिसतो म्हणून निर्धास्त होऊ नये. तो फक्त रोटर फिरतो एवढेच सांगतो, द्रव वाहते हे नाही.

नळ्यांच्या भिंतीतून वर्षानुवर्षे थोडे थोडे द्रव झिरपून उडून जाते आणि त्या जागी हवा साठते. हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाते. ती जागा पंप असेल तर खळखळ ऐकू येते, पंप कोरडा पडतो आणि झिजतो. म्हणून रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच हवे. संगणक चालू ठेवून केस हळूहळू दोन्ही बाजूंना कलती केली तर अडकलेला बुडबुडा सुटू शकतो. एवढे करूनही प्रवाह सुरू झाला नाही, तर प्लेटच्या आतल्या बारीक खाचांत गाळ अडकला असण्याची शक्यता मोठी. सीलबंद कूलर उघडू नये, वॉरंटी असेल तर बदलून घ्यावा. वेगळे भाग जोडून स्वतः बनवलेल्या कूलरमध्ये (लूप) मात्र प्लेट उघडून साफ करता येते. भरताना त्यासाठीचेच कूलंट किंवा गंजरोधक व जंतुरोधक मिसळलेले डिस्टिल्ड पाणी वापरावे, नळाचे कधीही नाही.

तापमान दहा-वीस मिनिटांत हळूहळू चढत गेले आणि रेडिएटरही तापला, तर पंप व पेस्ट ठीक आहेत. उष्णता बाहेर पडत नाही. पंखे काढल्याशिवाय धूळ दिसत नाही, कारण ती पंखा आणि जाळी यांच्यामध्ये नमद्यासारखी बसते. पाती बोटाने धरून हवेच्या झोताने ती साफ करावी. पंख्याची दिशाही तपासावी: ज्या बाजूला मोटरला धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, तिथून हवा बाहेर पडते. मग केसचे झाकण काढून चाचणी पुन्हा घ्यावी. पाचेक अंश उतरले तर केसमध्ये हवाच पुरेशी येत नाही. द्रवाचे तापमान दाखवणारा कूलर असेल तर ते खोलीपेक्षा 10–15 अंशांनी जास्त असणे ठीक. 60 अंशांच्या आसपास गेले तर यंत्र बंद करावे.

हे सगळे ठीक निघाले तर बायोस पाहावे. काही मदरबोर्ड वीजमर्यादा काढूनच टाकतात. उदाहरणार्थ, आय9-13900के या प्रोसेसरची इंटेलने दिलेली कमाल मर्यादा 253 वॉट आहे. ती परत लावावी. एएमडीवर वीज कमी वापरायला लावणारा इको मोड आहे. वेग फारसा न घटता तापमान बरेच उतरते.

आणि नळीच्या जोडाशी ओल किंवा वाळलेला डाग दिसला, तर वरची कुठलीही चाचणी न करता यंत्र बंद करून वायर भिंतीतून काढावी.

आपला,
एक संगणक तंत्रज्ञ