साहेब, 'इतर'चा रकाना जरा मोठा करा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. तुमच्यापर्यंत पोचेल याची काही खात्री नाही, पण कुणीतरी फॉरवर्ड करत करत तुमच्या पीएच्या मोबाईलवर गेलं तर गेलं, म्हणून इथे टाकतेय.

मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात सीएचबीवर स्टॅटिस्टिक्स शिकवते. सीएचबी म्हणजे तासाप्रमाणे पैसे, तेही येतील तेव्हा, पण तो आजचा विषय नाही (म्हणजे शेवटी तिथेच येणार आहे, तरी). आजचा विषय एक एक्सेल शीट. मागच्या आठवड्यात आली, नाव एकदम भारदस्त, 'विभागाचे वर्षभरातील संशोधन व सर्जनशील कार्य', आणि खाली रकाने. रिसर्च पेपर किती, सायटेशन किती, पेटंट किती, निधी किती. आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यात ढकलल्यासारखा एक चिंचोळा रकाना, 'इतर'. त्यात काना, मात्रा, स्पेस सगळं धरून साठच्या वर अक्षरं गेली की घर लाल होतं.

दोन दिवस झाले, मी त्या 'इतर'वर अडकून बसलेय.

कारण मी शिकले गणेशखिंडीत. 2007 ते 2009, तेव्हा नुसतं पुणे विद्यापीठ होतं, सावित्रीबाईंचं नाव 2014 मध्ये लागलं. हॉस्टेलच्या आमच्या खोलीत एक संस्कृतवाली, एक ललित कला केंद्रात कथक करणारी आणि मी. कथकवाली पहाटे उठून घुंगरू न बांधता तत्कार (म्हणजे पायांचे बोल) करायची, खालच्या मजल्यावरच्या मुली तरी झाडू आपटायच्या. एकदा रात्री रिफेक्टरीतून जेवून येताना ती म्हणाली, मला आठ मात्रा भरायच्यात, काही बोल एका मात्रेचे, काही दोन मात्रांचे, किती प्रकारे भरता येतील? मी म्हटलं थांब, परम्युटेशन लावते. तर संस्कृतवाली चालता चालता म्हणाली, चौतीस. आम्ही दोघी बघतच राहिलो. ती म्हणे हे छंदशास्त्रातलं आहे, लघु म्हणजे एक मात्रा आणि गुरु म्हणजे दोन, सात मात्रांचे प्रकार आणि सहा मात्रांचे प्रकार यांची बेरीज केली की आठचे येतात, 21 आणि 13, झाले 34, हे हेमचंद्राने बाराव्या शतकातच लिहून ठेवलंय. म्हणजे ज्याला आम्ही वर्गात फिबोनाची फिबोनाची म्हणत होतो, ज्याचं पुस्तक 1202 चं, ते त्याच्याही आधी आपल्याकडे कविता मोजायला वापरत होते. मग मी खोलीवर जाऊन वहीत पुढे मोजत बसले, तीनतालाच्या 16 मात्रांना 1597 येतात. कथकवालीने त्यातले आपल्याला आवडलेले काही उचलून एक तुकडा बांधला आणि परीक्षेत नाचली.

आता साहेब तुम्हीच सांगा, हे कुठल्या विभागाचं काम? पेपर नाही, पेटंट नाही, निधी शून्य (तीन चहा धरले तर उणे). आणि तरी गेल्या सतरा वर्षांत मी जेव्हा जेव्हा रिकर्शन (आधीच्या उत्तरांवरून पुढचं काढणं) शिकवायला उभी राहते तेव्हा हाच किस्सा सांगते आणि मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

तुम्हाला वाटेल ही आपली जुन्या दिवसांची आठवण काढतेय. काढतेय, पण नुसती तेवढीच नाही. 411 एकरांचा तो कॅम्पस नीट चालून बघितला तर अशी सरमिसळ पावलापावलावर आहे, ती शीटमध्ये उतरत नाही एवढंच. मुख्य इमारत म्हणजे पूर्वीचं गव्हर्नमेंट हाऊस, मुंबईच्या गव्हर्नरांचं पावसाळ्यातलं राहायचं ठिकाण. तिथूनच राणीच्या ज्युबिलीचा समारंभ आटपून परतताना 22 जून 1897 ला रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. तिथेच 1949 मध्ये विद्यापीठ उभं राहिलं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू, आणि लायब्ररीला आजही सगळे नुसतं 'जयकर' म्हणतात. जयकरला बसलेय, जयकरला भेट. बिचाऱ्या बॅरिस्टरांना स्वर्गात उचक्या लागत असतील.

पुढे आयुका, खगोलशास्त्राची संस्था. आता तुमचे अधिकारी म्हणतील की बाई आयुका विद्यापीठाच्या हिशोबात येत नाही, ती यूजीसीची वेगळी संस्था, आणि शेजारची एनसीआरए, रेडिओ दुर्बिणीवाली, ती टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची. मान्य, कागदावर वेगळ्या आहेत, पण भिंत एकच आहे आणि चहाची टपरी पण एकच होती. जयंत नारळीकरांनी आयुका उभी केली, आणि तेच नारळीकर मराठीत विज्ञानकथा लिहीत होते. एका माणसाचं विश्वरचनेवरचं काम पेपरच्या रकान्यात आणि कथा 'इतर'मध्ये टाकायच्या का? आमच्या आईला गुरुत्वाकर्षण म्हणजे काय ते पेपर वाचून नाही कळलं, कथा वाचून कळलं. आयुकाच्याच आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिच्या इमारतीचं नाव पुलस्त्य. सप्तर्षीतल्या ताऱ्याचं नाव, आणि आत पुल लपलेत, कारण पैसे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानचे. म्हणजे हसवून मिळवलेल्या पैशातून विज्ञानाची खोली. तिथे अरविंद गुप्ता बरीच वर्षं काड्यापेटी, स्ट्रॉ, सायकलची ट्यूब, जुनी सीडी असल्या कचऱ्यातून खेळणी करून पोरांना विज्ञान शिकवत होते, 2018 ला त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी खेळणी आणि पुस्तकं सगळी फुकट वाटली. पेटंटच्या रकान्यात त्यांचा आकडा काय भरायचा? आणि त्याच आवारातल्या लोकांनी बनवलेली सूट नावाची दुर्बीण 2 सप्टेंबर 2023 ला आदित्य एल-1 या यानावर बसून सूर्याकडे गेली. हे आणि ते एकाच कंपाउंडमध्ये चालतं. मला तरी यातलं एक मोठं आणि एक छोटं असं म्हणवत नाही.

एनसीआरएचं सांगते, कारण ते मला फार आवडतं. गोविंद स्वरूप यांनी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. एवढी मोठी ताटली भरीव पत्र्याची केली असती तर वजन आणि खर्च, दोन्ही डोक्यावर बसले असते, म्हणून तारांची जाळी ताणून बसवली, वारा आरपार जातो. आता नारायणगाव म्हटलं की आपल्या माणसाला दुर्बीण आठवत नाही साहेब, तमाशा आठवतो. सीझनला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात, विठाबाईंचं गाव ते. आणि गंमत बघा, याच विद्यापीठात समाजशास्त्राच्या शर्मिला रेगे होत्या (2013 मध्ये गेल्या, फार लवकर गेल्या), त्यांनी 1995 मध्ये लावणी करणाऱ्या बायकांवर अभ्यास करून लिहिलं, नंतर सत्यशोधकांच्या जलशांवर आणि गणेशोत्सवातल्या मेळ्यांवर लिहिलं. लावणी म्हणजे करमणूक, त्यात काय संशोधन, असं म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. म्हणजे एकाच विद्यापीठाच्या आवारातून नारायणगावच्या दोन वाटा फुटतात, एक पल्सार ताऱ्यांचे सिग्नल ऐकायला आणि एक ढोलकीच्या मागचा बाईचा आवाज ऐकायला. तुमच्या शीटमध्ये दोन्हीची एंट्री '1' अशीच होणार. की दुसरीची तेवढीही नाही?

बरं माणसंही अशीच सरमिसळ. वसंत गोवारीकर इस्रोत रॉकेटच्या घन इंधनावर काम करत होते, मग पावसाच्या अंदाजाचं 16 घटकांचं मॉडेल केलं, मग 95 ते 98 आमचे कुलगुरू, आणि म्हातारपणी खतांचा कोश केला. खतांचा! आज मुलाखतीला गेले असते तर 'स्पेशलायझेशन नाही' म्हणून परत पाठवले असते.

आता थोडं कडू. ललित कला केंद्र 1987 चं, गुरुकुल म्हणतात त्याला आणि शिकवणंही तसंच, गुरूसमोर बसून. सतीश आळेकर तिथे वर्षानुवर्षं प्रमुख होते. त्याच केंद्रात फेब्रुवारी 2024 मध्ये विद्यार्थ्यांच्या नाटकाचा प्रयोग बंद पाडला गेला, आणि दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी यांना अटक झाली, मग जामीन. नाटक चांगलं होतं की वाईट, कुणाला लागलं, हे मी बोलत नाही, मी ते बघितलेलं नाही. ज्यांना खटकलं त्यांनी लिहावं, बोलावं, दुसरं नाटक करावं. पण परीक्षेच्या नाटकाला पोलीस? आमच्या प्रॅक्टिकलला आकडेमोड चुकली की लाल पेनाने खाडाखोड व्हायची, व्हॅन नाही यायची. चुकायची जागा म्हणूनच तर विद्यापीठ असतं ना. ते पोर पुढे कधी लिहिताना आधी वकिलाचा विचार करेल, आणि हे नुकसान कुठल्याच रकान्यात दिसणार नाही.

आणि वेळेचं. डेक्कन कॉलेज आहे ना येरवड्याला, ते आता अभिमत विद्यापीठ आहे, तिथे एकदा जाऊन या. 1948 मध्ये डॉ. कत्रे यांनी संस्कृतचा ऐतिहासिक शब्दकोश सुरू केला, प्रत्येक शब्द कुठल्या ग्रंथात कसा आला याची चिठ्ठी, साधारण दीडहजार ग्रंथ वाचून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या. कपाटंच्या कपाटं. पहिला भाग यायलाच 1976 उजाडलं, आतापर्यंत तीसच्या वर भाग आले आणि गाडी अजून 'अ'वर आहे. हसू येतं, मलाही आलं होतं. पण त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की 'ह' आपण बघणार नाही, तरी लिहीत बसले. त्याच संस्थेच्या पुरातत्त्ववाल्यांनी शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावला 1968 पासून जवळपास पंधरा वर्षं खणलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं मिळाली, आणि घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आत पुरलेली लहान मुलं. पंधरा वर्षं! यांना दरवर्षी मार्चमध्ये 'या वर्षीचं आउटपुट किती' विचारलं असतं तर त्यांनी पहिल्याच वर्षी खड्डा बुजवून टाकला असता.

मोजू नका असं मी म्हणत नाहीये, मी स्टॅटिस्टिक्सची आहे, मोजण्यावरच माझं पोट आहे. पण वर्गात आम्ही पहिल्याच आठवड्यात सांगतो की जे मोजायला सोपं तेवढंच मोजलं तर लोक तेवढंच करायला लागतात. झालंय तेच. रँकिंगमध्ये पेपर चालतो म्हणून पैसे भरून छापून देणाऱ्या जर्नलांचा धंदा जोरात आहे, आणि इकडे रँकिंग खाली आलं की वर्तमानपत्रात दोन दिवस आरडाओरडा. त्या आरड्याओरड्यात जागांचं कुणी बोलत नाही. कथकचा गुरू, कोशाचा संपादक, खणणाऱ्यांना माती ओळखायला शिकवणारा माणूस, हे सीएचबीवर ठेवता येत नाहीत साहेब. नऊ महिन्यांची ऑर्डर आणि मधे ब्रेक, यात कोण कुणाला 'अ'पासून 'आ'पर्यंत नेणार? माणूस रिटायर होतो, जागा भरायची फाईल फिरत राहते, आणि त्याच्याबरोबर एक अख्खी विद्या घरी जाते. तेव्हा पहिलं मागणं हेच, जागा भरा, कायमच्या भरा.

दुसरं मागणं स्वस्त आहे. आकडा मागता तसं कामही मागा. प्रत्येक विद्यापीठाने आपल्याकडे वर्षभरात जे झालं ते, प्रबंध, नाटकाचं रेकॉर्डिंग, नकाशे, गोळा केलेली गाणी, पोरांनी बनवलेलं एखादं यंत्र, सगळं एका जागी ऑनलाइन ठेवायचं आणि प्रत्येकाखाली साध्या मराठीत दहा ओळी, की हे काय आहे. आमच्या टॅक्समधून झालंय, आम्हाला बघू तर द्या. 28 फेब्रुवारीला आयुका सगळ्यांसाठी उघडतात तेव्हा रांग बघा कशी लागते, शाळेची पोरं, आजीआजोबा, कडेवर बाळ घेतलेल्या बाया. लोकांना इंटरेस्ट नाही असं कृपा करून म्हणू नका.

आता परत माझ्या शीटवर येते. माझ्या वर्गात बीएस्सीचा एक मुलगा आहे. त्याला प्रोजेक्टला डेटा गोळा करायला सांगितला होता, बाकीच्यांनी इंटरनेटवरून क्रिकेटचे स्कोअर उचलले, याने आपल्या आजोबांना बसवून मोटेचे (बैलांनी विहिरीचं पाणी ओढायचे ना, ती मोट) शब्द मोबाईलवर रेकॉर्ड केले. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं, असे साठेक. मग गावात घरोघरी जाऊन कुठला शब्द किती वयाच्या माणसाला माहितीय ते विचारलं आणि वयाप्रमाणे ग्राफ काढला. चाळिशीच्या खाली रेघ जवळजवळ जमिनीला टेकते. आजोबा मधेच रेकॉर्डिंगमध्ये बैलाला हाकतात तसा आवाज काढतात, मोटेचं गाणं म्हणतात, आणि मग एकदम गप्प होतात. मला तो गप्पपणा पण डेटाच वाटतो, पण तो कुठे भरायचा.

शुक्रवार शेवटची तारीख आहे. पेपर 0, सायटेशन 0, पेटंट 0, निधी 0 भरून झालंय. 'इतर'मध्ये मी टाइप केलं, 'मोटेचे साठ शब्द, आजोबांच्या आवाजात, गाण्यासकट, सोबत वयाप्रमाणे ग्राफ'. घर लाल झालं. 'गाण्यासकट' काढलं की बसतंय, पण ते काढायला हात होत नाहीये.

आपली,
एक सीएचबीवाली