आईची स्टेफनी, बाबांची ब्रुक आणि माझा निर्णय

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

ही गोष्ट फोनवर सांगितली असती तर आईने आधी रडून घेतले असते आणि बाबांनी फोन तिच्या हाती देऊन गॅलरीत येरझाऱ्या घातल्या असत्या, म्हणून सविस्तर पत्र लिहीत आहे. मी नोकरीचा राजीनामा दिला आहे. सप्टेंबरपासून येथील विद्यापीठात दूरचित्रवाणीच्या इतिहासाचा अभ्यासक्रम सुरू करणार आहे, प्रवेश पक्का झाला आहे, आणि माझा विषय आहे अमेरिकेत दिवसा दाखवल्या जाणाऱ्या मालिकांमधील वर्षानुवर्षे चाललेली वैरे आणि ती वठवणाऱ्या अभिनेत्री. घाबरू नका. घराचा हप्ता तुमच्या जावयांच्या पगारातून जातो, आरोग्यविमाही त्यांच्याच नोकरीचा आहे, आणि तुमच्या औषधांचे, कामवाल्या मावशींचे व सोसायटीचे पैसे मी आधीच वेगळे काढून ठेवले आहेत. त्यात एका रुपयाचीही कपात होणार नाही.

आई, हा विषय मला तूच दिलास. नव्वदच्या दशकात आपल्या डोंबिवलीच्या घरात केबल आली आणि स्टार प्लसवर ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ लागू लागली, तेव्हा त्या बायकांचे भरभर इंग्रजी तुला कळत नसे. तू मांडीवर परात घेऊन मेथी निवडत बसायचीस आणि केवळ चेहरे बघून सांगायचीस, “थोरली आता हिला घराबाहेर काढणार.” आणि फॅशन कंपनीच्या मालकांच्या घरातली थोरली, स्टेफनी फॉरेस्टर, खरोखरच तिची वैरीण ब्रुक हिला दाराबाहेर काढायची. स्टेफनी झालेली सुझन फ्लॅनरी त्या वेळी आवाजही चढवत नसे. आवाज खाली, घोगरा, मान ताठ, आणि समोरच्या व्यक्तीचे बोलणे संपल्यावर उत्तर देण्याआधी घेतलेला तो जीवघेणा क्षण. तू निवडलेली काडी हातात तशीच धरून त्या क्षणापुरती थांबायचीस, हे मला स्पष्ट आठवते.

बाबा, तुम्ही वर्तमानपत्र समोर धरून बसत असलात तरी ब्रुकचा पक्ष तुम्हीच घेत होता. साध्या घरातली मुलगी स्वतःच्या डोक्याने वर येते, हे तुम्हाला मनापासून पटायचे. सुरकुती न पडणाऱ्या कापडाचे सूत्र हाती आल्यावर तिने त्याच्या जोरावर फॉरेस्टरांच्या कंपनीचा ताबा मिळवला, तेव्हा तुम्हाला झालेला आनंद लपला नव्हता. आईचे म्हणणे असे की ज्या बाईने नवऱ्याच्या जोडीने धंदा उभा केला, तिच्या घरात शिरून आधी नवरा आणि मग कंपनी घ्यायची, याला कर्तबगारी म्हणत नाहीत. जेवताना तुमचा हा वाद रंगायचा आणि मी तुमच्या दोघांच्या मध्ये, आईच्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसायची. जिच्या झग्याचे खांदे अधिक रुंद ती दुष्ट, अशी माझी तेव्हाची समजूत होती.

पुढे आपल्याकडे ती मालिका दिसेनाशी झाली. तिचा पुढचा भाग तुम्हाला सांगणे हे माझे कर्जच आहे. 1987 साली सुरू झालेले ते वैर 2012 पर्यंत चालले. त्या वर्षी फ्लॅनरी निवृत्त झाल्या, म्हणून स्टेफनीला कर्करोगाने मरण आले, आणि ते बिग बेअरच्या डोंगरातल्या घरात, ब्रुकच्या मिठीत. सगळे कुटुंब असताना शेवटच्या क्षणी जवळ कोण, तर जन्मभराची वैरीण! लेखकांनी ही निवड केली हे थोरच. परंतु ती पटते ती ब्रुक झालेल्या कॅथरीन केली लँग आणि फ्लॅनरी यांच्या पंचवीस वर्षांच्या एकत्र कामामुळे. दोघींच्या चेहऱ्यांवर त्या सगळ्या भांडणांचे वय दिसत होते, आणि हे वय रंगभूषेने आणता येत नाही.

बाबा, तुमचा आक्षेप मला येथूनच ऐकू येतो: “साबण खपवण्यासाठी काढलेल्या मालिकांचा कसला अभ्यास?” साबण कंपन्यांच्या पैशावर 1930 च्या दशकात रेडिओवर या मालिका सुरू झाल्या, हे खरेच आहे. परंतु त्यांची रीत घडवणाऱ्या अर्ना फिलिप्स यांच्या हाताखाली विल्यम बेल आणि ॲग्नेस निक्सन हे दोन लेखक तयार झाले, आणि पुढे त्या दोघांनी अशी माणसे निर्माण केली की प्रेक्षक त्यांच्याबरोबर म्हातारे झाले. तुम्ही नाटकवेडे आहात, म्हणून तुम्हालाच विचारते. नाटकातला नट तालमी करून तेच संवाद शेकडो प्रयोगांत बोलतो. येथे नटीला रोज नवी संहिता मिळते, तालीम जेमतेम होते, पुन्हा चित्रण करण्याची चैन क्वचितच परवडते, आणि जाहिरातींपूर्वी कॅमेरा जवळ आला की पापणीही न हलवता एकच भाव चेहऱ्यावर धरून ठेवावा लागतो. हे वर्षानुवर्षे करणाऱ्या बाईला कमी लेखणे मला मान्य नाही.

‘द यंग अँड द रेस्टलेस’ आपल्या घरी कधी लागली नाही, पण आई, त्यातल्या कॅथरीन चॅन्सेलरवर तू जीव टाकला असतास. श्रीमंत, दारूच्या आहारी गेलेली बाई. तिने सोबतीला पगारावर ठेवलेली जिल तिच्याच नवऱ्याच्या प्रेमात पडते, आणि घटस्फोट घेऊन परतलेल्या नवऱ्याला गाडीत बसवून कॅथरीन ती गाडी कड्यावरून खाली घालते. तो मृत्युशय्येवर जिलशी लग्न करतो आणि तेथून दोघींचे जे जुंपते ते काही दशके. जिलचे काम करणाऱ्या नट्या बदलल्या. जीन कूपर मात्र 1973 पासून 2013 मध्ये जाईपर्यंत कॅथरीनच राहिल्या. 1984 साली त्यांनी चेहऱ्यावर खरीखुरी शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती मालिकेतही दाखवली गेली. जिल ही कॅथरीनचीच मुलगी असल्याचा शोध मध्येच लावून काही वर्षांनी तो खोटा ठरवला, ती मात्र लेखकांची लबाडी होती असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दोघींचे नाते रक्ताच्या आधाराशिवायच घट्ट होते.

‘ऑल माय चिल्ड्रेन’ या अशाच मालिकेत एरिका केन झालेल्या सुझन लुची यांना एमी या अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्कारासाठी अठरा वेळा नामांकन मिळून पुरस्कार दुसऱ्याच कोणाला गेला, आणि 1999 साली एकोणिसाव्या वेळी त्यांचे नाव पुकारले गेले तेव्हा सभागृह कितीतरी वेळ उभे राहून टाळ्या वाजवत होते. अशा कामाविषयी मराठीत कोणीतरी नीट लिहावे असे मला वाटते, आणि ते मी लिहू शकेन.

आता थोडे कठीण. या वर्षी गणपतीला माझे येणे होणार नाही, कारण वर्ग त्याच सुमारास सुरू होतात. डिसेंबरात सुट्टी लागताच येईन आणि बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन तेव्हाच करू, म्हणजे थेंब घालायला मी घरात असेन. तोपर्यंत बाबांनी संध्याकाळी रिक्षाशिवाय बाहेर पडायचे नाही. आईने रक्तदाबाची गोळी उपवासाच्या दिवशीही घ्यायची, आणि पुढच्या महिन्यात दोघांनी साखर तपासून अहवालाचा फोटो मला पाठवायचा. स्वयंपाकाच्या मावशींना सुट्टी देऊन ‘मला जमते’ असे म्हणत ओट्याशी उभे राहायचे नाही. येथे माझे जेवणखाण व्यवस्थित आहे, भाकरीचे पीठ मिळते, झोपही पुरेशी होते. तुझी चकली सोडल्यास मला काही कमी नाही, आई, आणि तीही आता कुरिअरने पाठवू नकोस, तळायला उभी राहिलीस की तुझे गुडघे दुखतात.

एक काम मात्र तुम्हा दोघांना करायचे आहे. त्या मालिकेतले जे प्रसंग आठवतील ते वहीत लिहून ठेवा; कोणाची बाजू घेतली होती आणि का, तेही लिहा. डिसेंबरात येईन तेव्हा मला ते माझ्या अभ्यासासाठी हवे आहे. एकमेकांचे वाचून दुरुस्त करायचे नाही, म्हणून वह्या वेगवेगळ्या घ्या.

तुमची लाडकी,
छकुली