प्लॉटचं आणि इथल्या घराचं

बॅलरॅट (ऑस्ट्रेलिया), रविवार

ती. आई, ती. बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा "बघू, बघू" म्हणत फोन दादाकडे देतात. म्हणून लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. बाबा, तुम्हीच वाचून दाखवा, आणि आईला त्रास होईल म्हणून मधलं काही गाळू नका.

आम्ही इथे घर घेतलंय. जागा घेतली, बांधकामाचा करार झाला, बँकेच्या कागदांवर सह्याही झाल्या. गणपतीत विषय निघाला तेव्हा विचार चालू आहे म्हटलं होतं, तो आता पक्का झाला. सांगलीतल्या विश्रामबागच्या प्लॉटवर मी घर बांधणार नाही. बाबा, तुम्ही तो प्लॉट कसा राखलात ते मला माहीत आहे. आत्याच्या लग्नात विकायची वेळ आली होती तरी विकला नाहीत. म्हणूनच हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं, दादाच्या तोंडून अर्धवट कळू नये असं वाटलं.

तुम्ही म्हणाल, राहायचंच होतं तर मेलबर्न का सोडलं. मेलबर्नच्या पश्चिमेला आम्ही भाड्याने राहत होतो तिथे लहानशा घराची किंमतही आमच्या दोघांच्या पगाराच्या पलीकडे गेली होती. इथे अंगण असलेलं घर हप्त्यात बसतं. पहिलं घर आणि तेही नवं बांधकाम, म्हणून राज्य सरकारकडून १० हजार डॉलर मिळतात. मला इथल्या रुग्णालयात कायमची नोकरी आहे, नर्स कमी आहेत त्यामुळे ती जाण्याची भीती नाही. ह्यांना आठवड्यातून दोनदाच मेलबर्नच्या ऑफिसला जावं लागतं. अंतर सुमारे ११० किलोमीटर, रेल्वेने सव्वा-दीड तास. २०२३ पासून सरकारने गावाकडच्या गाड्यांचं दिवसाचं भाडं शहराइतकंच केलंय, नाहीतर हे जमलंच नसतं. आणि खरं सांगू? मला गाव हवं होतं. बाजारात चार माणसं ओळखीची भेटतील असं.

आता बाबा, तुमचा प्रश्न. पाणी कुठून येतं?

मला माहीत होतं तुम्ही हेच विचारणार, म्हणून जागा बघायच्या आधी मी हेच शोधलं. गावाच्या मधोमध वेंडूरी नावाचं तळं आहे, १९५६ च्या ऑलिंपिकमधल्या नौकानयनाच्या शर्यती तिथे झाल्या होत्या. तेच तळं मोठ्या दुष्काळात २००६ साली पार कोरडं पडलं. लोक तळातून चालत जायचे म्हणे. धरणंही तळाला गेली होती. मग २००८ मध्ये उत्तरेकडच्या गोलबर्न नदीच्या खोऱ्यातून बेंडिगोमार्गे मोठी जलवाहिनी आणून इथल्या व्हाइट स्वान जलाशयात सोडली. गाव वाढू शकलं ते त्या पाइपच्या जोरावर. ती जलवाहिनी झाली नसती तर मी इथे वीटही रचली नसती, तुमची मुलगी आहे.

१८५१ मध्ये इथे सोनं सापडलं आणि माळरानावर दोन-चार वर्षांत तंबूंचं शहर उभं राहिलं. आताची वाढ सोन्याची नाही, आमच्यासारख्यांची आहे. २०२१ च्या जनगणनेत १ लाख १३ हजार लोक होते. आपल्या सांगली-मिरज-कुपवाडचे २०११ लाच पाच लाख होते, म्हणजे तुम्हाला हे गाव लहानच वाटेल. पण २०४१ पर्यंत ते १ लाख ७० हजारांच्या आसपास जाईल असा अंदाज आहे, आणि त्यातली बरीचशी माणसं पश्चिमेला, आमच्याच बाजूला राहायला येणार. ल्यूकस, डेलाकोम, विंटर व्हॅली अशी नावं आहेत या वस्त्यांची. मागच्या हिवाळ्यात जिथे मेंढ्या चरताना पाहिल्या तिथे आता पत्र्याची छपरं आहेत.

तुम्ही जेवताना नेहमी म्हणायचात, आधी नळ आणि गटार, मग घरं. शामरावनगरात पावसाळ्यात काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथे तो क्रम कायद्यानेच ठरलेला आहे. शेताचे प्लॉट पाडणाऱ्याने रस्ते, पाणी, सांडपाण्याची लाइन, वीज हे सगळं आधी टाकायचं. नगरपालिका ते तपासून दाखला देते, त्यानंतरच प्लॉट आपल्या नावावर चढतो. तोवर बँक पैसे सोडत नाही आणि बांधायची परवानगी मिळत नाही. आमचे त्यातच महिनेच्या महिने गेले. ह्यांची चिडचिड व्हायची, आणि मी मात्र दर रविवारी जाऊन उघडे चर बघत बसायचे. सांडपाण्याचा पाइप कुठे, पावसाच्या पाण्याचा कुठे, दोन्ही वेगळे आहेत ना. शेजारच्या प्लॉटवाल्याने विचारलं, तुम्ही इंजिनिअर का? मी म्हटलं, माझे वडील.

पावसाचं पाणी सरळ ओढ्यात सोडत नाहीत. वस्तीच्या सखल कडेला मोठे खड्डे करून त्यात लव्हाळी लावलेली असतात, पाणी तिथे थांबतं आणि हळूहळू पुढे जातं. आणि विकणाऱ्याला सहीच्या आधी जो कागद द्यावाच लागतो, त्यात जागेला पुराची काही अट आहे का ते कळतं. मी तो कागद वकिलाला तर दाखवलाच, पण पहिल्यांदा स्वतः वाचला. गावभागातल्या घरात २००५ च्या आणि २०१९ च्या पुरात काय वाहून गेलं ते आपण परत काढत नाही, पण ते डोक्यात ठेवूनच मी जागा घेतली. आमची जागा उंचावर आहे.

माती मात्र तुमच्या ओळखीची निघाली. खाली काळा बेसाल्ट आणि वर पावसात फुगणारी, उन्हात आकसणारी चिकणमाती. प्रत्येक प्लॉटची माती तपासून तिचा वर्ग ठरवतात आणि त्यावर पायाच्या स्लॅबमधली सळई ठरते. अहवाल दादाच्या फोनवर पाठवलाय, बघून सांगा. स्लॅब ओतून झालाय, तरी सांगा.

सगळंच छान आहे असं लिहिलं तर तुम्हाला पटणार नाही, आणि ते खरंही नाही. घरं पुढे पळतात आणि बाकीचं मागून येतं. प्लॉट पाडणाऱ्यांकडून हेक्टरी पैसे घेऊन त्यातून चौक, बागा, समाजकेंद्रं करायची असं ठरलेलं आहे, पण पैसे जमतात सावकाश आणि खर्च वाढतो भराभर. आमच्याकडून गावात जाणारा रस्ता अजून शेताच्या काळातलाच आहे, जाता-येता एकेकच लेन, आणि सकाळी आठ ते नऊ त्यावर गाड्या तुंबतात. बस अगदी तुरळक. चिन्मयच्या शाळेत वर्ग कमी पडले म्हणून मैदानाच्या कडेला तयार खोल्या आणून ठेवल्यात. २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांतले सामने इथे व्हायचे होते, खेळाडूंसाठी घरं बांधून ती नंतर लोकांना मिळायची होती. २०२३ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने स्पर्धांचं यजमानपदच सोडलं. घरांसाठी वेगळा निधी जाहीर झालाय, पण भाड्याने घर शोधणाऱ्यांचे हाल मी रोज बघते. आमच्या वॉर्डमधली एक मुलगी, चांगली नोकरी असूनही, मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये राहतेय. आम्हाला उशिरा का होईना, छप्पर मिळतंय, हे मी विसरत नाही.

रुग्णालयाचं बोलायचं तर मोठं विस्तारकाम चालू आहे, अर्ध्या अब्ज डॉलरच्या वरचं. नवीन अपघात विभाग, नवीन शस्त्रक्रियागृहं, जास्त खाटा. बाबा, हे मी मुद्दाम लिहितेय. तुमच्या छातीत त्या रात्री दुखलं तेव्हा मी विमानात बसून नुसतं घड्याळ बघत होते. इथे तुम्ही असाल तेव्हा मी घरापासून पंधरा मिनिटांत त्या दारात असेन, आणि आत सगळे मला ओळखतात.

आता तुमची खोली. घर एकमजली आहे, जिना नाही, आई, गुडघ्यांना एकही पायरी नाही. तुमची खोली पूर्वेला. न्हाणीघरात उंबरा ठेवू दिला नाही, फरशी सपाट आणि भिंतीला धरायला दांडा. नळीवाला जेट लावून घेतलाय, त्यासाठी प्लंबरला दोनदा समजवावं लागलं. खिडक्यांना दुहेरी काच आहे. थंडी असते इथे, जुलैत दुपारीसुद्धा पारा दहाच्या आसपासच असतो आणि वारं बोचरं. पण नवीन घर ऊब धरून ठेवेल असं बांधावं लागतं, तसा नियमच आहे.

आई, शेगडीबद्दल तू रागावशील. जाळ नाही. २०२४ पासून नवीन वसाहतींच्या परवानग्या गॅसविनाच मिळतात, त्यामुळे इंडक्शन. लोखंडी तवा चालतो, मी भाकरी करून बघितली. पाण्याची बाजू नीट भाजते, पण उलटून फडक्याने दाबावी तर कडा फुगतात आणि मध्ये चपटी राहते, तुझ्यासारखी टम्म होत नाही. म्हणून मागच्या पडवीत छोटा सिलिंडर आणि एक बर्नर ठेवणार आहे, फक्त तुझ्यासाठी. ज्वारीचं पीठ मिळतं. कढीपत्ता महाग आहे. तुळस हिवाळ्यात बाहेर ठेवली तर एका रात्रीत हिमाने काळी पडते, माझी तशीच गेली, म्हणून आता कुंडी आत, पूर्वेच्या काचेशी. देवघरही तिथेच. मेलबर्नच्या वाटेवर रॉकबँकजवळ दुर्गामातेचं मोठं देऊळ आहे, महिन्यातून एकदा नेईन.

बाबा, तुमच्या फिरण्याचीही सोय बघितलीय. आमच्या वस्तीजवळ एक विजयकमान आहे आणि तिथून पुढे मैलोन्‌मैल दोन्ही कडांना झाडं. पहिल्या महायुद्धावर गेलेल्या इथल्या प्रत्येकासाठी एक झाड, जवळजवळ चार हजार. त्याचे पैसे जमवले आणि झाडं लावायला पुढाकार घेतला तो ल्यूकस नावाच्या कपड्याच्या कारखान्यातल्या शिलाईकाम करणाऱ्या मुलींनी, १९१७ पासून. झाडांखाली नावाच्या पाट्या आहेत. कोणताही नवा रस्ता काढताना या झाडांचं काय होणार हे लोक आधी विचारतात, हे मला फार आवडलं. तुम्हाला त्या पाट्या वाचत सावकाश चालता येईल.

परवा स्लॅबच्या ओल्या सिमेंटचा वास आला आणि एकदम पाणी गाळायचं फिल्टर हाऊस आठवलं. रविवारी तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभं करून न्यायचात, तुरटीच्या टाकीपाशी हात घट्ट धरायचात, आणि वॉचमनकाका मला जाळीतून खाली फिरणारं पाणी दाखवायचे. मला वाटायचं, सगळ्या सांगलीला माझे बाबाच पाणी पाजतात. घरी आलो की आई तुमच्याआधी माझे केस पुसायची. आत्ता इथे रात्रीचे साडेअकरा झालेत आणि मला तुमच्या दोघांच्या मध्ये झोपावंसं वाटतंय. असो.

आता ऐका नीट. दिवाळी आणि भाऊबीज झाली की यायचं, मार्चअखेरपर्यंत राहायचं. तेव्हा उन्हाळा असतो, डिसेंबरात तर रात्री नऊपर्यंत उजेड, आणि मार्चमध्ये इथल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बेगोनियाच्या फुलांचा उत्सव असतो. बाबांची पंचाहत्तरी झाली, त्यामुळे व्हिजासाठी त्यांची वैद्यकीय तपासणी लागेल, तीही इथल्या सरकारच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच. दादा नेईल, टाळायचं नाही. पाहुण्यांना इथली सरकारी आरोग्यसेवा लागू होत नाही, म्हणून विमा मी काढतेय, आणि त्याच्या खर्चावरून एक शब्द नको. बाबांनी बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, तू गुडघ्यांचे व्यायाम टीव्हीसमोर बसून करतेस ते व्यायाम नव्हेत. गावभागातल्या घराच्या माळ्यावर दोघांपैकी कोणीही चढायचं नाही, कागद हवे असतील तर दादाची वाट बघा.

प्लॉटचं माझं म्हणणं असं की तो दादाच्या नावावर करा. तुम्हाला विकावासा वाटला तर विका, आणि ते पैसे तुमच्यावरच खर्च करा. मला त्यातलं काही नको. लगेच ठरवायची गरज नाही, आणि मनाविरुद्ध तर अजिबात नाही. मी तिथली राहिले नाही असं मात्र समजू नका. चिन्मयने शाळेत आपल्या घराचं चित्र काढलं तर त्यात नदी आणि आयर्विन पूल होता, बाईंना वाटलं इथलाच कुठला तरी पूल असेल.

घराची चावी मिळायला तिकडचा पावसाळा संपेल. आत जाण्याआधी छोटी वास्तुशांत करायची आहे, मुहूर्त बाबांनी पंचांग बघून कळवावा, इथली वेळ सांगलीपेक्षा साडेचार तास पुढे, ऑक्टोबरात घड्याळ बदललं की साडेपाच, ते धरून. उत्तर फोनवर नको, पत्राने द्या, आणि जे पटलं नाही ते आधी लिहा. मातीचा अहवाल वाचायला विसरू नका.

तुमची,
चिमी