बर्फ म्हणालो होतो

याश, रोमानिया
४ मार्च

प्रिय बाळ्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे तीन मेसेज तसेच पडून आहेत. रविवारी निवांत लिहू, रविवारी निवांत लिहू, असं करत सहा महिने गेले. फोन करता आला असता, पण फोनवर तू अर्ध्यातच ‘जाऊ दे रे’ म्हणाला असतास, आणि या वेळी मला ते ऐकायचं नाही. तब्येत ठीक आहे. साखर जरा वर असते, गोळी चालू आहे.

आमच्या इथल्या एका पोराचा हात मोडला. जालन्याकडचा आहे, तेवीस वर्षांचा, प्लास्टरच्या कामावर आलाय. जानेवारीत पडला, मनगटाची दोन्ही हाडं गेली. ऑपरेशन करून पट्टी बसवली. आता प्लास्टर निघालंय, पण मूठ अजून पुरती वळत नाही. तो मला कधी टाकून बोलला नाही. फक्त त्या सकाळी ॲम्ब्युलन्सची वाट बघत पायरीवर बसलो होतो तेव्हा एवढंच म्हणाला, ‘भाऊ, तुम्ही तर बर्फ म्हणला होतात.’

मी तुलाच का लिहितोय ते कळलं ना?

पहिल्यापासून सांगतो. इथे नव्या पोरांना एक छापील कागद देतात, हवामानाच्या शब्दांचा. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रोमानियन. रेन म्हणजे प्लोआये, स्नो म्हणजे झपादा, फॉग म्हणजे चात्सा. मुकादम इथला, सूचना सगळ्या रोमानियनमध्ये, आणि आपल्या पोरांची इंग्रजी म्हणजे गावच्या शाळेतली. डावीकडचं कळत नाही, उजवीकडचं तर नाहीच. म्हणून मी वही केली आणि तिसरा रकाना आखला, मराठीचा. मला इथे चार वर्षं झाली, भाषा कामापुरती येते, म्हटलं पोरांच्या उपयोगी पडेल.

पावसाच्या ओळी लिहिताना काय मजा आली म्हणून सांगू! ड्रिझलला हे बुर्नित्सा म्हणतात. आपलं भुरभुर. दोन्ही एकापाठोपाठ म्हणून बघ. आणि तो त्स म्हणजे आपल्या चाकातला च, आपल्या पोरांना तो एका दमात येतो. डोंगरातल्या मेंढपाळांना इथे मोकान म्हणतात, आणि त्यांच्या नावाचा एक पाऊस आहे, बारीक, दिवसचे दिवस न थांबणारा. मी समोर ‘झड’ लिहिलं आणि पेन खाली ठेवून जरा बसलो. माडीवरची ओली लाकडं, माईचं चुलीशी फुंकत बसणं, सगळं आलं डोळ्यांपुढे. जोराच्या पावसाला इंग्रज कुत्री-मांजरं पडतात म्हणतो, इथले लोक बादलीने पडतो म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या तांतीला (तांती म्हणजे मावशी, सत्तरीच्या पुढची आहे, मला मुलगा मानते) आपलं मुसळ हातवारे करून दाखवलं. ती म्हणाली, ‘तुमच्याकडे पावसात डोकी फुटत असतील.’ मी म्हटलं, आषाढात हर्णैला या आणि बघा.

आणखी एक सांगतो, तुला आवडेल. थंडी वाजली की इंग्रज ‘मी थंड आहे’ म्हणतो. आपण म्हणतो मला थंडी वाजते. रोमानियन माणूसही ‘मला’च म्हणतो, म्ये फ्रिग. भूकही मला, तहानही मला. आणि दोर म्हणून एक शब्द आहे, कुणाची आठवण येऊन जीव लागून राहतो ना, ते. म्ये दोर. तेही मलाच होतं, मी करत नाही. सातासमुद्रापलीकडे आपल्यासारखं वाक्य सापडलं तेव्हा वाटलं, इथे आपला निभाव लागेल.

ही मजा पावसापर्यंतच. पुढचं पान थंडीचं. फ्रॉस्ट म्हणजे ब्रुमा. स्लीट म्हणजे लापोवित्सा. राइम म्हणजे किचुरा. ग्लेझ म्हणजे पोलेय. स्नोला पुस्तकात झपादा, पण याशची म्हातारी माणसं ओमत म्हणतात. बाळ्या, मी हर्णैचा. मी बर्फ पाहिला तो आधी मासळीच्या टपात, भुश्यात गुंडाळलेली लादी. ग्रिंदिनासमोर गारा लिहिलं, आणि बाकी सगळ्या ओळींसमोर एकच शब्द: बर्फ. बर्फ. बर्फ. ब्रुमाला तरी निफाडची द्राक्षवाली माणसं म्हणतात तसं ‘दव गोठलं’ लिहिता आलं असतं. तेवढाही विचार केला नाही. रात्रीचे अकरा वाजले होते, पान संपवायचं होतं.

पोरगा पडला त्याच्या आदल्या संध्याकाळी मुकादमाचा मेसेज आला, कोद पोर्तोकालिउ, पोलेय. इथे इशारे पिवळे, नारिंगी, लाल असतात. पोर्तोकाला म्हणजे संत्रं. मी पोरांना म्हटलं नारिंगी कोड आलाय, तर जालन्याचा पठ्ठ्या म्हणाला, ‘म्हणजे मोसंबी कोड!’ सगळी हसली, मीही हसलो, दोन मिनिटं कुणाचं लक्ष राहिलं नाही. मग मी वही उघडली, पोलेयसमोर बघितलं आणि सांगितलं, ‘रात्री बर्फ पडणार आहे, सकाळी जपून.’

पहाटे पाचला त्याने खिडकीतून बघितलं. बाहेर पाऊस पडत होता. साधा, बारीक पाऊस. कुठे पांढरा ठिपका नाही. म्हणाला, ‘बर्फ कुठंय भाऊ, पाऊस चाललाय,’ आणि कॅनव्हासच्या बुटात खाली उतरला.

पोलेय पावसासारखाच पडतो रे. वर हवेचा एक थर उबदार असतो, त्यातून पाणी होऊनच थेंब निघतो. जमिनीजवळची हवा शून्याच्या खाली, तिथे थेंब पाणी राहूनच गोठणबिंदूखाली जातो, आणि फरशीला, तारेला, पानाला टेकला की त्या क्षणी गोठतो. दिसत नाही. नुसती ओली फरशी दिसते. मी धावत खाली गेलो तेव्हा कठड्याला बोटभर जाडीची काच चढली होती. दोरीवर एक चिमटा राहिला होता, तो अख्खा काचेत, आतली गंजलेली स्प्रिंगसुद्धा लख्ख दिसत होती. पोरगा तिसऱ्या पायरीखाली उताणा. हे शहर सगळं टेकड्यांवर, आमचा रस्ताही उताराचा. ॲम्ब्युलन्सला वर चढायला चाळीस मिनिटं लागली.

त्याच्या गावाकडे २०१४ साली फेब्रुवारी-मार्चात जी गारपीट झाली, तेव्हा तो शाळेत होता. बर्फ म्हणजे काय ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पांढरा, पत्र्यावर बडवणारा, गहू झोपवणारा. मी बर्फ म्हणालो आणि तो बर्फ बघायला खिडकीशी गेला. त्याचं काय चुकलं?

आता तुझ्या मनात आलंच असेल. नोव्हेंबर २००९.

आपण त्यावर सोळा वर्षं बोललेलो नाही. त्या वर्षी आठ महिने तू बोलला नव्हतास, मग तुझ्या लग्नात बोलायला लागलास आणि ते तसंच राहिलं. फयान वादळ ११ तारखेला अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागलं. त्याआधी मी बंदरावर होतो, तिथे जे सांगत होते ते मी माझ्या कानांनी ऐकलं. तुझे तात्या होडीत डिझेल भरत होते. मी काय म्हणालो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. ‘तात्या, वारं आहे म्हणतात.’ तात्या हसले. तीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला वाऱ्याचं काय? गेले. तिसऱ्या दिवशी ते भलत्याच बंदरातून परत आले आणि तू माझी गचांडी धरलीस. मी ओरडत होतो, सांगितलं होतं मी, सांगितलं होतं! आणि तू म्हणालास, ‘तू वारं म्हणालास. वादळ म्हणाला नाहीस.’

बाळ्या, तू बरोबर होतास. इतकी वर्षं मी मनात भांडत राहिलो की सांगणं माझं काम, ऐकणं तात्यांचं. त्या पायरीवर पोराचा हात मांडीवर घेऊन बसलो तेव्हा कळलं की मी दोन्ही वेळा सांगितलंच नव्हतं. तोंडाला आला तो शब्द टाकला आणि मोकळा झालो. तेव्हाच माफी मागायला हवी होती, ती आज मागतो.

तू म्हणशील पोलेयला मराठीत शब्द नाही त्याला तू काय करणार. तेच तर. शब्द नव्हता तर चार वाक्यं सांगायची होती. ‘पावसासारखा दिसेल, फसू नका, फरशी काचेची होईल, कठडा धरून आडवे चाला.’ अर्धं मिनिट लागलं असतं. नंतर मी पेठेच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांसारखं सांगायला गेलो, श्रावणात जांभ्यावर शेवाळ धरतं, वरून काही दिसत नाही आणि पाय जातो, तसं. आमच्या देवरुखच्या पोराला लगेच कळलं. जालन्याचा बघतच राहिला. त्याने ना पाखाडी पाहिली ना जांभा. त्याच्या रानातली काळी माती पाय धरून ठेवते, सोडत नाही.

हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसायचो. एकदा त्याला हसवायला इथली गोष्ट सांगितली. पाऊस ओढला की इथल्या खेड्यांत एका मुलीला पानांनी झाकून दारोदार नाचवायचे आणि लोक तिच्यावर पाणी ओतायचे, तिला पापारुदा म्हणतात. पोरगा एकदम उठून बसला. ‘भाऊ, ही तर धोंडी! मी झालोय धोंडी. लिंबाच्या डहाळ्या बांधल्या होत्या, सगळ्या गावानं ओतलं माझ्यावर पाणी.’ प्लास्टरमधला हात तसाच वर धरून दाखवत होता कसा नाचला ते. मला तोंड फिरवावं लागलं.

तांतीला सगळं माहीत आहे. तिने मला १ ते ९ मार्चमधला एक दिवस निवडायला लावला. इथली समजूत अशी की या नऊ दिवसांतला आपण धरलेला दिवस जसा जाईल तसं वर्ष जातं. दोकिया नावाची एक म्हातारी मेंढरं घेऊन डोंगरावर गेली, ऊन पडलं म्हणून एकेक करून अंगावरच्या नऊही कातड्यांचे कोट टाकत गेली, आणि शेवटी थंडी परत आली तेव्हा गोठून मेली, तिचे हे दिवस. मी ४ तारीख धरली होती. सकाळी धुकं होतं, आता ऊन आहे. म्हणून लिहायला बसलो. पोराने ९ धरली आहे.

दापोलीच्या थंडीवरून आता माझ्याशी कधी वाद घालू नकोस. ब्राशोवजवळ बोद म्हणून गाव आहे, तिथे २५ जानेवारी १९४२ ला उणे ३८.५ नोंदलंय. तू मात्र बारा अंशाला कानटोपी काढतोस.

तुझं सगळं राहूनच गेलं. मोठीची दहावीची परीक्षा चालू असेल, तिला सांग काकाने आठवण काढली. वैनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? नवीन इंजिन बसवलंस का? सोसायटीच्या पैशांचं मी चुलतभावाशी बोललोय, एप्रिलमध्ये मिळतील.

एक काम कर. वही मी नव्याने लिहायला घेतली आहे. आता तिसऱ्या रकान्यात एक शब्द नाही, वाक्यं लिहितो, आणि प्रत्येक पोराला त्याच्या गावाकडचं काय आठवतं ते विचारून मग लिहितो. पोलेयसमोरची जागा तेवढी रिकामी आहे. तात्यांना विचार, न दिसणाऱ्या निसरड्याला त्यांच्याकडे काही शब्द आहे का, होडीच्या फळीवरचा, खडकावरचा, कुठलाही. मी विचारलंय असं सांग. आधी हे पत्र त्यांना वाचून दाखव, २००९ चं सगळं, काही न गाळता, आणि मग विचार.

तुझाच,
मी