नळीला दोष द्यायच्या आधी दस्ता उघडून बघा

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला नेमबाजीवरचा लेख वाचला. स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतल्यापासून आपल्याकडे रायफलवर काहीबाही छापून येतंय, बरं वाटतं. पण जुनी रायफल नेम सोडायला लागली की नळी झिजली समजा, असं त्यात सरळ ठोकून दिलंय ते काही पटलं नाही.

मी मूळचा कराडचा, आता विस्कॉन्सिनमध्ये असतो, इथे नोव्हेंबरात 9 दिवस हरणाच्या शिकारीचा सीझन असतो आणि त्यासाठी मी एक सेकंडहँड, लाकडी दस्त्याची रेमिंग्टन 700 घेतली. 100 यार्डांवर गोळ्या 3-3 इंच पसरायच्या. सगळे म्हणाले नळी गेली. मी बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा) काढला, आत काडतूस नाही ना हे दोनदा बघितलं, दोन स्क्रू सोडून दस्ता वेगळा केला तर आत ॲक्शन (नळीच्या मागचा, बोल्ट सरकतो तो लोखंडी भाग) दस्त्यात घट्ट बसावी म्हणून आधीच्या मालकानं भरलेली इपॉक्सी (आपल्या अराल्डाइटचीच बहीण), म्हणजेच बेडिंग, पिवळी पडून भुगा झालेली आणि खालचं लाकूड तेल पिऊन काळंठिक्कर. रीकॉइल लग म्हणून ॲक्शनच्या खाली एक लोखंडी ठोकळा असतो, दर गोळीचा धक्का तोच दस्त्याला देतो, तो खोबणीत चक्क हलत होता. म्हणजे दर गोळीला रायफल वेगळ्याच जागी बसणार, त्यात नळीनं काय करायचं?

जुना माल काढणं हेच खरं कष्टाचं काम. सोल्डरिंगचं गरम टोक टेकवलं की इपॉक्सी मऊ पडते, मग पटाशीनं हळूहळू खरवडायची, घाई केली की लाकडाचा टवका उडालाच म्हणून समजा. नंतर ॲसिटोननं पुसायचं, माझी चिंधी दोन दिवस काळीच निघत होती, पण तेल राहिलं तर नवीन माल लाकडाला धरतच नाही.

नवीन भरताना लगच्या पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना टेप लावायची, मागचं अंग तेवढं उघडं कारण धक्का तिथेच बसतो. इपॉक्सी चिकटू नये म्हणून सगळ्या लोखंडाला बुटाचं पॉलिश चोपडायचं, भोकं मुलांच्या क्लेनं बुजवायची, स्टीलची पूड मिसळलेली इपॉक्सी भरायची आणि स्क्रू नुसते टेकवायचे, आवळायचे नाहीत. मी शहाणा, बाजूंची टेपच विसरलो! दुसऱ्या दिवशी ॲक्शन निघेचना, बायको म्हणाली आता भिंतीला शो पीस म्हणून लाव. जानेवारी होता, रात्रभर गॅरेजमध्ये ठेवली, इथलं गॅरेज त्या दिवसात फ्रीझरच असतं, सकाळपर्यंत लोखंड आकसलं आणि रबरी हातोडीच्या दोन टोल्यांत टक् करून सुटली.

आता त्याच नळीतून, त्याच काडतुसांनी, सव्वा इंचात गोळ्या बसतात.

आपल्याकडे मात्र घरी हा उद्योग करू नका, 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्तीच्या कामाला वेगळं लायसन्स लागतं. लायसन्सवाल्या कारागिराकडेच न्या, फक्त नळी बदल म्हणायच्या आधी ‘बेडिंग बघ जरा’ एवढं सांगा.

आपला एक वाचक,
विस्कॉन्सिन