कोकरांना आधी चीक, मग टॉनिक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या कृषी पानावर कोकरांची प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पूरक खाद्यांवर लेख आला होता. जस्त, सेलेनियम, ई जीवनसत्त्व यांची माहिती त्यात चांगली दिली होती, त्याबद्दल आभार. पण कोकराचं जगणं-मरणं ज्यावर ठरतं तो चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, मात्र लेखात एका ओळीत उरकला. दसरा तोंडावर आलाय. माण-खटावकडचे कळप आता बिऱ्हाड घेऊन निघतील आणि दिवाळीच्या आगेमागे कितीतरी मेंढ्या वाटेतच वितील, म्हणून घाईनं हे लिहितो आहे.

माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं आईच्या पोटातच मिळतात. कोकराला ती मिळत नाहीत, कारण मेंढीच्या वारेतून, म्हणजे गर्भाला आईशी जोडणाऱ्या जारेतून, ती पलीकडे जातच नाहीत. कोकराला सगळं संरक्षण चिकातून मिळवावं लागतं, आणि आतड्यातून ते रक्तात उतरण्याची क्षमता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते. २४ तासांनी ती जवळपास संपते. ३ किलोच्या कोकराच्या पोटात पहिल्या दोन तासांत साधारण १५० मिलिलिटर चीक जायला हवा. तरीही ‘जार (वार) पडल्याशिवाय पाजू नये’ असं सांगणारे लोक आजही भेटतात. तेवढा वेळ वाया गेला की पुढे कुठलंही टॉनिक तो भरून काढत नाही.

मेंढी व्याली की दोन्ही सडांतून दोन-दोन धारा पिळून टाकाव्यात. सडाच्या तोंडाशी मेणासारखी गुठळी बसलेली असते. ती निघाली नाही तर कोकरू नुसतं चोखत राहतं आणि आपल्याला वाटतं, पितंय. कोकराच्या तोंडात बोट घालून पाहावं. तोंड गार लागलं, पोट खपाटीला गेलेलं दिसलं, तर ते उपाशी आहे. आईला दूध उतरलं नसेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा चीक पाजावा. तो कोमट करायचा असेल तर भांडं गरम पाण्यात ठेवावं. चुलीवर ठेवला तर त्याचा खरवस होतो आणि प्रतिद्रव्यं वाया जातात.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीचा जनुक दख्खनी मेंढीत आणून जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ तयार केली. काम मोठंच आहे. पण जुळी आली की तोच चीक दोघांत वाटला जातो, आणि आई खंगलेली असेल तर तो दोघांनाही पुरत नाही. म्हणून खुराक आधी आईला हवा. गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते आणि नेमका तेव्हाच आमचा कळप चालत असतो. ई जीवनसत्त्व वारेतून कोकरापर्यंत फारसं पोचत नाही, ते चिकातून पोचतं. म्हणजे तेही गाभण मेंढीच्याच पोटात जायला हवं. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणाऱ्या रोगाची, लसही तशीच. विण्याआधी चार ते सहा आठवडे मेंढीला टोचली तर तिची प्रतिद्रव्यं चिकात उतरतात. ही लस पुण्यात औंधला, सरकारच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. मग कळप हलण्याआधी गाभण मेंढ्यांसाठी लसीकरणाची वेगळी फेरी का होऊ नये?

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. तालुक्याच्या दुकानात कोकरांसाठी ‘ताकदीचं काहीतरी’ मागितलं की पुष्कळदा गाई-म्हशींचं खनिज मिश्रण हातात पडतं. त्यात तांबं असतं. गाईला ते मानवतं, मेंढीला जरा जास्त झालं तरी विष होतं. मेंढीच्या शरीरातून तांबं सहज बाहेर पडत नाही, ते काळजात, म्हणजे यकृतात, साठत जातं. कित्येक आठवडे जनावर ठणठणीत दिसतं. मग एखादी लांब चाल, एखादा अवकाळी पाऊस, एखादा उपास घडतो आणि साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं. तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे पडतात, लघवी काळपट लाल होते आणि एक-दोन दिवसांत जनावर जातं. लोक त्याला साथ समजतात. कोंबड्यांच्या खाद्यातही हाच धोका आहे. उलट, तांबं फारच कमी पडलं तरी कोकरं मागच्या पायांनी लुळी जन्मतात. म्हणून स्वतःच्या अंदाजानं काही देऊ नये. मेंढ्यांसाठीच बनवलेलं मिश्रण डॉक्टरांना विचारून द्यावं.

पिशवीवर तांब्याचं प्रमाण आणि ‘मेंढ्यांना देऊ नये’ ही सूचना ठळक मराठीत छापणं कंपन्यांना बंधनकारक करावं, अशी पशुसंवर्धन खात्याला विनंती आहे. मेंढीपालनासाठीच्या सरकारी महामेष योजनेत संतुलित खाद्यासाठी अनुदान आहे. ते मेंढ्या व्याल्यानंतर हातात पडून फारसा उपयोग नाही, शेवटच्या दीड महिन्यात मिळायला हवं.

आणि आपल्याला विनंती अशी, की गाभण मेंढीचा खुराक, लस आणि चीक यांचं वेळापत्रक दसऱ्याआधीच्या अंकात चौकटीत छापावं. एकदा कळप घाट उतरले की पेपर रोज हातात पडत नाही.

आपला,
एक मेंढपाळ वाचक, ता. माण, जि. सातारा