बांगड्या फोडणारे हात

चि. मृणाल हिस,

आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा व्हिडिओ मी दोनदा पाहिला. एकदा अंगणवाडीत मदतनीसताईंच्या फोनवर आणि मग रात्री घरी, एकटीने. बाबा गेल्यानंतर आपल्या अंगणात जे घडले ते तू इतके नेमके सांगितलेस, की मला मध्येच फोन खाली ठेवावा लागला. दोन लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला, गावातल्या कितीतरी जणींनी त्याखाली लाल बदाम टाकले, हे तू आनंदाने कळवलेस आणि शेवटी म्हणालीस, "आई, आता गाव बदलेल." त्यावर मी गप्प राहिले. हा विषय फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहीत आहे.

संक्रांतीनंतर आपल्या ओळीतल्या एका घरी हळदीकुंकू झाले. त्या घरच्या सुनेने तुझ्या व्हिडिओखाली 'काकूंना सलाम' असे लिहिले आहे. बोलावणे करायला तीच निघाली. शेजारच्या घरी गेली, आपल्या फाटकापाशी क्षणभर थांबली आणि पुढे निघून गेली. मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तिच्या मनात माझ्याविषयी काही वाईट नाही आणि तिने जे लिहिले तेही मनापासूनच लिहिले, याबद्दल मला शंका नाही. परंतु ते लिहिताना तिला कोणाला विचारावे लागले नाही. मला उंबऱ्याच्या आत घ्यायचे तर सासूपुढे, चुलतसासूपुढे आणि जमलेल्या पंचवीस बायांपुढे तिला एकटीने उभे राहावे लागले असते.

म्हणून मी फोनला कमी लेखते असे समजू नकोस. एप्रिल २०२१ मध्ये बाबा करोनाने गेले, त्यांचे शरीरही घरी आले नाही, तरी न्हाणीजवळच्या दगडावर माझे हात धरून बांगड्या फोडल्या गेल्या. हिरव्या काचेचा एक तुकडा मनगटात रुतला, त्याचा व्रण अजून आहे. असे न करताही चालते, हा विचार तेव्हा माझ्यासारख्या शिकलेल्या सेविकेच्या डोक्यातही आला नव्हता. वर्षभराने आमच्या सेविकांच्या व्हॉट्सॲप गटावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाची बातमी आली. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावाने ४ मे २०२२ रोजी ठराव केला होता, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे हे यापुढे गावात होणार नाही. १७ मे रोजी शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितले. राज्याच्या दुसऱ्या टोकाची ही गोष्ट फोन नसता तर माझ्यापर्यंत कधी पोचली असती? ती वाचल्यावर मला पहिल्यांदा उमगले, की माझ्या बाबतीत जे झाले त्याला मी नशीब म्हणत होते, पण ते माणसांनी केलेले काम होते आणि ते न करण्याचे माणसांना ठरवता येते.

त्यानंतरचे मी तुला आजवर सांगितलेले नाही. त्या वर्षी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आपल्या गावानेही तसाच ठराव केला. कोरमसाठी पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांपैकी जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढी माणसे कशीबशी जमली आणि ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. त्याचा फोटो गावाच्या गटावर पडला, अंगठ्यांची रांग लागली. दिवाळीआधी वरच्या आळीतला एक तरुण शेतकरी साप चावून गेला. त्याची बायको चोवीस वर्षांची. ग्रामसभेत हात वर करणारे सगळे त्या अंगणात उभे होते, मीही होते, आणि कोणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. तिच्या बांगड्या फुटल्या. दगड तुझ्या मोठ्या आत्याच्याच हातात होता, माझ्या वेळी होता तसाच.

फोनने माणसांचे हात हलतच नाहीत असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले, आणि ती अफवा फोनवरूनच पसरली होती. भीतीला हात उचलायला वेळ लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या सवयीने उठत आलेला हात थांबवायचा तर त्याच्या शेजारी जाऊन बसावे लागते. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरवले. केशवपन वाईट आहे असे म्हणणारे शहाणे लोक त्याआधीही होते, पण वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी आपली मजुरी सोडून तो खाली ठेवला, हे मला फार मोठे वाटते.

आपल्याकडे तो वस्तरा आत्याच्या हातात होता. त्या हिवाळ्यात कापूस वेचणीहून परतताना मी आणि आणखी तिघी रोज तिच्या ओट्यावर बसू लागलो. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवसाबद्दल तिला कोणी कधी विचारले नव्हते, हे आम्हालाही तेव्हाच कळले. पहिले कित्येक दिवस तिचे एकच उत्तर असे, "माह्या वक्ताले कोन आलं होतं आडवं?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात गावात पुन्हा एक मयत झाली. आत्याला बोलावणे आले, ती गेली, आणि त्या बाईचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घट्ट धरून बसून राहिली. दुसरे कोणी पुढे झाले नाही. मंगळसूत्र सासूने काढून घेतलेच, पण बांगड्या राहिल्या. ही बातमी कोणत्याही गटावर गेली नाही.

मृणाल, तुझ्या व्हिडिओत 'माझ्याच आत्याने दगड उचलला' असे वाक्य आहे. ते खोटे नाही. पण नातवाने तिला ते ऐकवल्यापासून ती ओट्यावर आलेली नाही. चूक माझी आहे, पुढची हकिकत मी तुला वेळेवर सांगायला हवी होती. तेवढे वाक्य काढता आले तर काढ, आणि पुढे या विषयावर बोलशील तेव्हा तिला आधी विचारून तिचीही गोष्ट सांग.

रथसप्तमीला आपल्या घरी मी हळदीकुंकू ठेवले आहे. गावातल्या अकरा विधवांना आणि ओळीतल्या सगळ्या सुवासिनींना बोलावणार आहे, त्या सुनेलाही. किती येतील ते सांगता येत नाही. तू दोन दिवस आधी ये, म्हणजे बोलावणे करायला आपण दोघी मिळून दारोदार जाऊ. येताना हिरव्या काचेच्या बांगड्या आण, दोन-सहाच्या सहा डझन पुरतील. आत्याचे मनगट आता फार बारीक झाले आहे, तिच्यासाठी दोन-चारच्या वेगळ्या घे. ती घालेल की नाही ते माहीत नाही, पण काल माप घेताना तिने हात मागे घेतला नाही.

तुझी,
आई